औषधाला न जुमानणारी बुरशी : नळीवरील थराचे आव्हान

गाझियाबाद : औषध सुरू असूनही बुरशीचा संसर्ग हटत नसेल, तर त्याचे कारण रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या नळीवरील थरात असू शकते. ‘कॅन्डिडा’ या यीस्ट प्रकारच्या बुरशीच्या पेशी शिरेतील किंवा लघवीच्या नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. या थराला ‘बायोफिल्म’ म्हणतात. आवरणातील ग्लुकान फ्लुकोनाझोलसारखे औषध वाटेतच अडवते, पेशी आत शिरलेले औषध बाहेर फेकतात आणि तग धरलेल्या सुप्त पेशी पुन्हा वाढतात.

गाझियाबादला लागून असलेल्या दिल्लीत दोन रुग्णालयांतील १२ रुग्णांच्या रक्तात फ्लुकोनाझोलला न जुमानणारी ‘कॅन्डिडा ऑरिस’ आढळल्याचे वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या बुरशीचा समावेश सर्वाधिक प्राधान्याच्या गटात केला.

त्यामुळे केवळ औषध बदलणे पुरेसे ठरत नाही. शक्य असेल तेथे दूषित नळी काढणे आणि बायोफिल्मवर अधिक प्रभावी असलेली एकायनोकँडिन गटातील औषधे देणे, हा उपचाराचा गाभा आहे. नळीची गरज संपताच ती काढणे आणि हात स्वच्छ ठेवणे, हाच प्रतिबंधाचा सोपा मार्ग आहे.