निवृत्त इंजिनांचा मुक्काम

आमच्या बीबी गावाला रेल्वे नाही. मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव; संपूर्ण लोणार तालुक्यात रुळाचा तुकडा नाही. खामगाव-जालना मार्ग होणार, हे वाक्य आमच्या कित्येक पिढ्यांनी ऐकले आहे. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचे पहिले दर्शन मला घडले ते जालन्याला. वडील मोंढ्यात खरेदीला जात, एकदा मलाही सोबत नेले. परतीच्या एस.टी.ला अवकाश होता, म्हणून त्यांनी मला स्टेशनवर नेले. मीटरगेजचे ते काळे इंजिन पाणी भरून घेत उभे होते. त्याच्या उष्ण श्वासाने मी दोन पावले मागे सरलो, हे आजही आठवते.

पुढे एम.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि यंत्रांकडे पाहण्याची दृष्टी पालटली. यंत्र म्हणजे तारण, घसारा आणि शेवटी भंगार किंमत. नोकरीच्या मध्यकाळात वऱ्हाडातील एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याची वसुली माझ्याकडे आली. तेथे भल्यामोठ्या चाकाचे एक जुने वाफेचे इंजिन होते. मूल्यांककाने त्याची किंमत लोखंडाच्या वजनावर लावली, लिलाव झाला, कागदावर मी सही केली. गॅस कटरने ते तीन दिवस कापले जात होते. निर्मात्याचे नाव कोरलेली पितळी पाटी तेवढी काढून ठेवावी, असेही त्या वेळी मला सुचले नाही. व्यवहार नियमाला धरूनच झाला होता. तरी तो खटकत राहिला. निवृत्तीनंतर जिथे जिथे जुनी इंजिने जपून ठेवली आहेत, ती ठिकाणे पाहण्याचा आणि त्यांविषयी वाचण्याचा छंद लागला, त्याचे मूळ त्या सहीत आहे.

या विषयाचा आरंभच मोठ्या हानीने होतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. चौदा डब्यांची ती गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली. या तिघांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. ज्या इंजिनांनी भारतात रेल्वेयुग आणले, ती जपावीत असे त्या काळी कोणास वाटले नाही. त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही. रोजच्या वापरातील वस्तू कधी दुर्मिळ होईल, हे वापरणाऱ्याला कळत नाही.

त्यांच्या जवळपासच्या वयाचे एक इंजिन मात्र वाचले. 1855 मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे घडवलेले 'फेअरी क्वीन' 1909 मध्ये सेवानिवृत्त झाले. पुढे ते काही काळ हावड्याला चौथऱ्यावर उभे होते, नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण विद्यालयात गेले. कामावरून उतरले, पण कापले गेले नाही, एवढेच त्याचे भाग्य. नवी दिल्लीत चाणक्यपुरी येथे 1977 मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले आणि त्याला हक्काचे घर मिळाले. 1997 मध्ये ते दुरुस्त होऊन पुन्हा पर्यटकांची गाडी ओढू लागले. हरियाणातील रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये आज वाफेची इंजिने चालू स्थितीत राखली जातात.

दिल्लीच्या याच संग्रहालयात पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे इंजिन आहे. ही गाडी 1927 च्या सुमारास बंद पडली. तिचे अवशेष बांधकाम खात्याच्या आवारात कित्येक वर्षे पडून होते. 1962 मध्ये माइक सॅटो या इंग्रज रेल्वेप्रेमी गृहस्थांच्या दृष्टीस ते पडले. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात डागडुजी झाली आणि भंगार समजला गेलेला माल राष्ट्रीय ठेवा ठरला.

आपल्या महाराष्ट्रात नेरळ-माथेरान मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. सर आदमजी पीरभॉय या व्यापारी घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून तो बांधला आणि 1907 मध्ये सुरू केला. त्यावरील वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याची. 1980 च्या दशकात डिझेल इंजिनांनी त्यांची जागा घेतली. त्यांपैकी एक नेरळला ठेवले आहे, एक दिल्लीच्या संग्रहालयात पोहोचले. मला नेरळचे अधिक भावते. ज्या घाटाने त्याला घडवले, त्याच्याच पायथ्याशी ते विसावले आहे.

विदर्भात नागपूरच्या मोतीबाग परिसरात नॅरोगेज रेल संग्रहालय आहे. 14 डिसेंबर 2002 रोजी ते सुरू झाले. तेव्हा नागपूर-छिंदवाडा ही छोटी गाडी धावत होती; 2015 मध्ये तो मार्ग ब्रॉडगेजसाठी बंद झाला. म्हणजे मार्ग चालू असतानाच त्याच्या स्मृतींची सोय झाली होती. असे दूरदर्शित्व क्वचितच आढळते.

याउलट आपल्या शकुंतलेचे पाहा. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर 76 किलोमीटर असा हा अडीच फुटी मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडच्या कापसासाठी उभारला. मँचेस्टर येथे 1921 मध्ये घडवलेले 'झेड डी' जातीचे इंजिन 1923 पासून या मार्गावर राबले आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याला निवृत्त करून डिझेल इंजिन जोडले गेले. म्हणजे सत्तरहून अधिक वर्षांची सेवा! बँकेच्या हिशेबात असे यंत्र केव्हाच एक रुपया पुस्तकी किमतीवर आलेले असते. पुढे डिझेल गाडीही थांबली. कारंज्यातील आपल्या पूर्वजांनी ग्रंथभांडारांत हस्तलिखिते शतकानुशतके जपली. त्याच कारंज्यावरून जाणाऱ्या गाडीचा वारसा मूर्तिजापुरात सन्मानाने मांडला जावा, असे मनापासून वाटते. खामगावलाही तोच अधिकार आहे. जलंब-खामगाव ही कापसाची शाखा 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली होती.

इंजिन चौथऱ्यावर चढवले म्हणजे काम संपले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः धोका तेथूनच सुरू होतो. धुराड्यातून पावसाचे पाणी आत उतरते, उरलेली राख ओली होऊन लोखंड खाते, पितळी भाग चोरीस जातात. वरून दरवर्षी काळा रंग चढतो आणि आत गंज पसरत राहतो. डोक्यावर छप्पर, आतील राखेची सफाई, सांध्यांना वंगण आणि जवळ माहितीचा फलक एवढे झाले, तरी इंजिन दीर्घकाळ टिकते. पुन्हा चालवायचे असेल, तर बाष्पकाची कसून तपासणी लागते, ट्यूबा बदलाव्या लागतात. तो खर्च मोठा आणि कुशल हातही आता थोडे राहिले आहेत.

आपण व्यापारी मंडळी. म्हणून एका भंगार व्यापाऱ्याची कथा सांगतो. इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये बॅरी या बंदरगावी डाय वुडहॅम यांचा भंगाराचा धंदा होता. ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढली, तेव्हा त्यांनी सुमारे 297 इंजिने विकत घेतली. मालवाहू डबे कापणे सोपे आणि किफायतशीर, म्हणून इंजिने मागे राहिली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ती वर्षानुवर्षे उभी होती. हळूहळू रेल्वेप्रेमी मंडळे येऊ लागली. वुडहॅम यांनी ठेव घेऊन इंजिने राखून ठेवली, पैसे जमेपर्यंत वाट पाहिली. अखेर 213 इंजिने तेथून वाचली आणि त्यांतील कित्येक पुन्हा धावू लागली. त्यांनी नुकसान सोसले नाही. आपला धंदाच केला. फक्त कापण्याची घाई केली नाही.

रेल्वेचे इंजिन जपणे सरकारचे काम, हे खरे. परंतु जुन्या जिनांची, तेलघाण्यांची, छापखान्यांची यंत्रे अजून आपल्याच गोदामांत आहेत. ती विकण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात, अशी विनंती आहे. यंत्राची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. निर्मात्याची पाटी, क्रमांक आणि साल लिहून ठेवावे. आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला एक पत्र पाठवावे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर व्यवहार खुशाल पूर्ण करावा. एवढ्या विलंबाने कोणाचे व्याज बुडत नाही.

त्या कारखान्याच्या फाइलमध्ये मी पंधरा दिवस थांबलो असतो, तर बँकेने मला काही म्हटले नसते. नियमात तेवढी मुभा होती. मीच ती वापरली नाही. परवा नातवाला घेऊन मोतीबागेत गेलो होतो. तेथील इंजिनावरची पाटी त्याने अक्षर लावून वाचली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही कधी असे खरे इंजिन पाहिले होते का?" मी त्याला जालन्याचे स्टेशन सांगितले. कारखान्याचे इंजिन पुढच्या वेळी सांगेन.