न पोहोचलेले छायाचित्र

सन 2013 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीत होतो. नातवाच्या शाळेचा पहिला दिवस होता. पिवळ्या बसच्या पायरीवर तो आजीचा हात सोडत असतानाचे छायाचित्र शेजारच्या वृद्ध बाईंनी टिपले आणि आमच्या क्रमांकावर पाठविले. तो क्रमांक मुलाने एका इंटरनेट दूरध्वनी सेवेकडून घेऊन दिलेला होता. छायाचित्र आलेच नाही. बाई विसरल्या असाव्यात, असे आम्हांस वाटले. आमच्याकडून आभाराचा शब्दही नाही, म्हणून त्या दुखावल्या. महिन्याभराने उलगडा झाला, तेव्हा त्यांनी मोबाइल बदललेला होता.

असे का व्हावे? मजकुराचा संदेश अगदी लहान असतो. चित्रसंदेशाचा, अर्थात एमएमएसचा, मार्ग निराळा. छायाचित्र प्रथम पाठविणाऱ्याच्या कंपनीच्या केंद्रात जाते, तेथून प्राप्तकर्त्याच्या कंपनीकडे सुपूर्द होते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर दुसऱ्या बँकेवरचा धनादेश समाशोधनाशिवाय वटत नाही. दोन कंपन्यांत तशी व्यवस्था नसेल, तर क्रमांक खरा असूनही चित्र मध्येच अडते. न वटलेला धनादेश बँक कारणासह परत तरी करते. आमच्या बाबतीत तेवढेही घडले नाही.

अमेरिकेत 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘गूगल व्हॉइस’चा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. आरंभी तेथे मुख्यतः मजकुराचेच संदेश चालत. 2014 मध्ये उत्तर अमेरिकेतील सुमारे शंभर मोबाइल कंपन्यांशी चित्रसंदेशांची देवाणघेवाण सुरू झाली. तरी ‘व्हेरायझन’सारखी मोठी कंपनी प्रथम त्यात नव्हती. 2017 मध्ये सेवेच्या नव्या अ‍ॅपमध्येच छायाचित्रे पाठविण्याची सोय आली.

व्हॉट्सअ‍ॅपला ही अडचण नाही, कारण तेथे दोन्ही खाती जणू एकाच बँकेत असतात. शिवाय दोन खुणांची पोच मिळते. परंतु समोरच्याकडे ते अ‍ॅप हवे. शेजारच्या बाईंकडे ते नव्हते.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या माझ्या समवयस्कांना एवढेच सुचवावेसे वाटते: इंटरनेटवरचा क्रमांक हाती आला, की कोणाकडून तरी एखादे छायाचित्र मागवून पाहावे. आणि कुणाचे उत्तर आले नाही, तर मनात अढी धरण्यापूर्वी एकदा विचारावे, “मिळाले का?” आम्ही दोघांनीही ते विचारले नाही. नातू आज बारावीत आहे. ते छायाचित्र मात्र कोणाकडेच नाही.