मुरगळलेला पाय : समज आणि उपचार

पावसाळ्यात निसरड्या बांधावरून चालताना किंवा शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना पाय वाकडा पडतो आणि घोटा मुरगळतो. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की, त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु चुकीच्या उपचारांमुळे किरकोळ दुखापतही दीर्घकाळ त्रासदायक ठरू शकते.

सांध्यातील हाडांना एकमेकांशी जखडून ठेवणाऱ्या चिवट, तंतुमय पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. पाऊल आतील बाजूस वळले की, घोट्याच्या बाहेरील अस्थिबंधांवर ताण पडतो. तंतू केवळ ताणले गेले, काही अंशी फाटले की पूर्णपणे तुटले, यावरून दुखापतीच्या तीन श्रेणी मानल्या जातात. सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटल्याने ती जागा सुजते व काळीनिळी पडते.

हाड सरकले असे समजून पाय ओढून ‘बसविण्याची’, गरम तेलाने चोळण्याची किंवा पायाळू व्यक्तीचा पाय लावून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. पहिले दोन-तीन दिवस चोळल्याने वा शेकल्याने सूज वाढते. हाड मोडलेले असल्यास ओढाताणीने अधिक इजा होते आणि योग्य उपचारांस विलंब होतो.

दुखापत होताच खेळ वा काम थांबवावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दर खेपेस पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होतात. लवचिक पट्टी बांधून पाय उशीवर उंच ठेवावा. बोटे बधिर वा निळसर झाल्यास पट्टी तत्काळ सैल करावी.

विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री अमेरिकन डॉक्टर गेब मिरकिन यांनी १९७८ मध्ये मांडली. मात्र दीर्घकाळ पूर्ण विश्रांती हितावह नसते, असे आता मानले जाते. वेदना सोसवेल इतपत हालचाल लवकर सुरू करावी. पुढे एका पायावर तोल सावरण्याचा व्यायाम केल्यास पाय पुन्हा मुरगळण्याचा संभव घटतो.

चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर अथवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. कॅनडातील ओटावा येथे विकसित होऊन १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषांचा हाच आधार आहे. वाढत्या वयातील मुलांच्या हाडांची टोके कोवळी असतात. अस्थिबंध शाबूत राहून हाडालाच इजा होण्याची शक्यता त्यांच्यात अधिक असते. म्हणूनच लंगडणाऱ्या विद्यार्थ्यास पुन्हा खेळावयास न लावता रुग्णालयात पाठविणे, हेच शिक्षकांचे कर्तव्य होय.