एक पिक्चर, सतरा नकला

दिवाळीची साफसफाई निघाली की राजारामपुरीतल्या आमच्या घरी माळ्यावरून एक खोकं खाली येतं, त्यावरची धूळ झटकली जाते आणि "बघू पुढच्या वर्षी" म्हणून ते जसंच्या तसं परत वर चढतं. गेल्या दिवाळीत मी ते उघडलं. आत अकरा व्हीएचएस कॅसेट. एकीच्या पाठीवर वडिलांच्या अक्षरात 'अक्काचे लग्न', त्यावर आडवी रेघ आणि खाली 'साधी माणसं – टीव्ही'.

व्हीएचएसच्या पाठीला एका कडेला प्लास्टिकची टिकली असते. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नाही. लग्नं-मुंजी सुरक्षित राहाव्यात म्हणून केलेली सोय. पण मोडलेल्या टिकलीच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की व्हीसीआर बिचारा फसतो. आमच्या कॅसेटवर चिकटपट्टी होती. अक्काआत्याला हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

ताशी सतरा किलोमीटर

मेन रोडच्या मागच्या एका गल्लीत, मोबाइल कव्हरांच्या दुकानांच्या गर्दीत, जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर घालून देणारे एक मामा बसतात. त्यांनी कॅसेटची झडप वर करून टेप उजेडात धरली. कडेला पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं काहीतरी होतं. "बुरशी हाय. तशीच घातली तर मशीनबी आजारी पडंल, आन् मागनं येणारी दुसऱ्याची कॅसेटबी." कोल्हापूरचा पाऊस नुसता पंचगंगेला पूर आणत नाही, तो माळ्यावरच्या कॅसेटमध्येही शिरतो.

त्यांच्याकडे तीन व्हीसीआर आहेत. दोन चालतात, तिसरा त्या दोघांना सुटे भाग पुरवतो. नवा मिळायचा प्रश्नच नाही. जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं.

आता गंमत बघा. आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये टेप सरकते सेकंदाला जेमतेम २.३ सेंटीमीटर, म्हणजे गोगलगायीपेक्षा थोडी बरी. पण आतला ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो आणि त्यावरची हेडं टेपवर तिरक्या रेघा ओढत जातात. हेड आणि टेपचा एकमेकांना घासण्याचा वेग त्यामुळे ताशी १७ किलोमीटरच्या आसपास पोचतो. रंकाळ्यावर सकाळी निवांत सायकल मारणाऱ्या माणसाचा हाच वेग. वाटेत बुरशीचा एक कण आला की हेड उडतं आणि पडद्यावर पांढरी चिरी चमकते. त्याला ड्रॉपआउट म्हणतात. आम्ही लहानपणी त्याला "मुंग्या आल्या" म्हणायचो.

चांदी, बांगड्या आणि आग

कॅसेटवरचा पिक्चर म्हणजे कचरा, खरा पिक्चर फिल्मवर, असं शहाणी माणसं सांगतात. बरोबर आहे. अडचण एवढीच की ती फिल्म जाग्यावर असावी लागते.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे. ज्या बाबूराव पेंटरांनी इथेच कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, त्यांचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' (१९२०) आज कुठेही नाही. व्ही. शांतारामांनी शेतकरी रंगवलेला १९२५ चा 'सावकारी पाश' गेला. भारतात तेराशेहून जास्त मूकपट झाले, आज तुकड्यातुकड्यांसकट जेमतेम तीसेक उरलेत. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' म्हणून जी रिळं आपण अभिमानाने दाखवतो, तीही १९१३ ची नसून त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

गेल्या कुठे एवढ्या फिल्मा? काही चक्क बांगड्यांत. जुनी फिल्म भंगारात विकली जायची. तिच्यावरची चांदी धुऊन काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या नि पर्स करायच्या. आपल्या शेजारची हुपरी चांदीच्या पैंजणांचं गाव, त्यामुळे उगीच मनात येतं, की सैरंध्रीचा एखादा कण कुणाच्या पायात छुमछुम वाजत तर नसेल?

बाकीचं काम आगीने केलं. जुनी नायट्रेट फिल्म जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला आणि त्यात 'मीठभाकर' गेला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला! पुण्यात २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मा जळाल्या, त्यांत 'प्रभात'चा मूळ ठेवाही होता. 'प्रभात' म्हणजे १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेली आणि १९३३ मध्ये पुण्याला सासरी गेलेली आपली लेक. तिचा 'संत तुकाराम' आज दिसतो, कारण कुणीतरी आधी त्याची नक्कल काढून ठेवली होती.

काळी एकची पांढरी दोन

या लेखातला माझा सगळ्यात लाडका मुद्दा हा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पाल, ती २५ दाखवते. मग चित्रपट टीव्हीसाठी टेपवर उतरवताना काय करायचं? सोपा उपाय म्हणजे थोडा पळवायचा. चार टक्क्यांनी. कुणाच्या लक्षात येत नाही.

पण अडीच तासांचा पिक्चर १४४ मिनिटांतच आटपतो. आणि आवाज चढतो, साधारण पाऊण स्वर-पट्टी. पेटीवर सांगायचं तर काळी एकमध्ये गायलेलं गाणं जवळजवळ पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. 'साधी माणसं'चं संगीत आनंदघन यांचं, म्हणजे खुद्द लता मंगेशकरांचं. त्यांनी बांधलेली आणि गायलेली चाल टीव्हीवर पळवली की जरा जास्तच कोवळी होते. आमच्या गल्लीत पेटी शिकवणारे एक गुरुजी होते. टीव्हीवरच्या गाण्याबरोबर सूर जुळेना म्हणून ते पेटीवाल्याला शिव्या घालायचे. पेटी निर्दोष होती.

म्हणून वेगवेगळ्या नकला जोडून पिक्चर नीट करणाऱ्याला आधी प्रत्येक नकलेचा वेग तपासावा लागतो. चित्र एका प्रतीतून आणि आवाज दुसऱ्या प्रतीतून घेतला आणि वेग सारखा केला नाही, तर मध्यंतरापर्यंत नायक तोंड मिटून बोलायला लागतो.

अमेरिकेतल्या काकांची कॅसेट हे आणखी वेगळं प्रकरण. तिकडची पद्धत एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३० चित्रं. तिकडची कॅसेट इकडच्या मशीनमध्ये घातली की चित्र गरगरायचं. त्यामुळे ज्या घरात मल्टिसिस्टीम व्हीसीआर, त्या घराला गल्लीत मान. इथून तिकडे गेलेले मराठी पिक्चर त्या पद्धतीत बसवताना दोन चित्रं एकात मिसळायची. तशी कॅसेट थांबवून बघा. लक्ष्मीकांत बेर्डे धावताना एकाच वेळी दोन ठिकाणी सापडतील.

कोपऱ्यातला शिक्का

टीव्हीवरून टेप केलेल्या पिक्चरवर तारीख नसते, पण कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह असतं. शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. अल्फा मराठी १९९९ च्या १५ ऑगस्टला सुरू झाली आणि २००५ मध्ये तिची झी मराठी झाली. म्हणजे 'अल्फा' दिसलं की कॅसेट त्या सहा वर्षांतली. चिन्हच नसेल तर बहुधा जुन्या दूरदर्शनची. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. तेव्हा टेप एवढी महाग की सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरे भरले गेले. आमच्या वडिलांनी अक्काचं लग्न पुसलं, ते असं राष्ट्रीय परंपरेला धरूनच होतं म्हणायचं.

हाच शिक्का दुरुस्तीच्या वेळी डोक्याला ताप होतो, कारण त्याच्याखालचं चित्र गेलेलं असतं. उपाय म्हणजे दुसरी प्रत शोधायची, जिच्यावर शिक्का दुसऱ्या कोपऱ्यात आहे. याचा डावा कोपरा, त्याचा उजवा. गोधडी शिवतात तसंच.

फेटा कापला!

जुन्या टीव्हीचा पडदा ४:३, नव्याचा १६:९. जुना पिक्चर नव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या न ठेवता भरायचा, तर वरून-खालून मिळून चित्राचा पाव भाग छाटावा लागतो. वर काय असतं? फेटा. भालजींच्या ऐतिहासिक पटात तर जिरेटोप. १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा' कुणी असा छाटून दाखवला, तर मावळे बोडकेच लढणार. जुन्या, फिकट, खरखरीत कॅसेटवर मात्र सगळ्यांचे फेटे शाबूत असतात. कोल्हापुरात एवढ्या एका कारणासाठीही कॅसेट जपायला हरकत नाही.

मधल्या काळातली व्हीसीडी याच्या उलट. कॅसेटसारखी मुंग्यांची नाही, पण चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट ४-के मध्ये पूर्ण स्कॅन केली, तर तिच्यात याच्या सव्वाशे पट ठिपके येतात. व्हीसीडीत रात्रीचा प्रसंग आला की अंधाराचे चौकोन दिसायचे, फरशी बसवल्यासारखे. एका तबकडीत साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून खरं मध्यंतर बाजूला राहायचं आणि भर संवादात "दुसरी सीडी घाल रे!" व्हायचं.

परदेशातली कपाटं

हे वेड आपल्यापुरतं नाही. १९२७ चा जर्मन 'मेट्रोपोलिस' कापला जाऊन अपुरा उरला होता. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या संग्रहालयात त्याची १६ मिलिमीटरची ओरखड्यांनी भरलेली प्रत सापडली आणि सुमारे २५ मिनिटं परत आली. त्या मिनिटांवरच्या रेघा आजही दिसतात, कुणी तक्रार करत नाही. 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ रूपातली प्रत १९८१ मध्ये नॉर्वेतल्या मनोरुग्णालयाच्या कपाटात निघाली.

पण बीबीसीच्या 'डॉक्टर हू'ला तोड नाही. १९७१ च्या एका कथेचे बहुतेक भाग बीबीसीकडे फक्त कृष्णधवल फिल्मवर उरले होते. अमेरिकेत कुणीतरी तेच भाग घरी बेटामॅक्सवर रंगीत टेप केले होते. चित्र फिकट, पण रंग होते. १९९२ मध्ये त्या कॅसेटचा रंग काढून बीबीसीच्या फिल्मच्या रेखीव चित्रावर चढवला. एकीचं रूप, दुसरीचा शालू!

'शोले'चंही ऐका. १९७५ मध्ये सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट थिएटरात दिसला नाही, पण पुढे परदेशातल्या व्हिडिओ प्रतींवर फिरत राहिला. फिल्मवरून नीट केलेला, मूळ शेवटाचा 'शोले' २०२५ मध्ये बोलोन्यात दाखवला गेला. खरखरीत व्हिडिओ तोवर वर्षानुवर्षं चुगली करत होता.

आणि आमच्या माळ्यावरून कुरकुरणाऱ्या आईला मी हल्ली मेरियन स्टोक्सचं नाव सांगतो. फिलाडेल्फियाच्या या बाईंनी तीस वर्षांहून जास्त काळ टीव्ही टेप केला, सुमारे ७०,००० कॅसेट. आपल्या तर अकराच आहेत.

तिघांचं मत घ्या

एकाच प्रसारणाच्या तीन कॅसेट मिळाल्या तर काय करतात? तिन्ही संगणकात घेऊन एकेक चौकट एकमेकींवर ठेवतात आणि प्रत्येक ठिपक्याला मतदान करायला लावतात. मुंगी एका कॅसेटवर असते, त्याच जागी दुसऱ्या दोघींवर नसते. बहुमताने मुंगी बाद. हल्ली हौशी मंडळी व्हीसीआरला चित्र काढूच देत नाहीत. हेडाजवळचा कच्चा सिग्नल तारेने बाहेर काढून चित्र संगणकावर जुळवतात. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे दूध नको, म्हशीलाच घेऊन जाणार!"

सफाईचा सोस मात्र वाईट. धूळ पुसणारं सॉफ्टवेअर एकाच चौकटीत दिसून नाहीसा होणारा प्रत्येक पांढरा ठिपका घाण समजतं. पाऊस त्याला घाण वाटतो. 'साधी माणसं'चा नायक लोहार. मामांनी मला त्याचा घण मारतानाचा प्रसंग दोनदा दाखवला, एकदा सफाई न करता, एकदा करून. दुसऱ्या वेळी चित्र कसं लख्ख, आणि घण ऐरणीवर पडल्यावर एकही ठिणगी नाही. "आता ह्यो लोहार न्हाई, कापूस पिंजतोय." आम्ही पहिलंच ठेवलं, मुंग्यांसकट. मधल्या जाहिरातीही ठेवल्या. पिक्चर आणखी कुठेतरी असेल, त्या साबणाच्या जाहिराती कोण जपणार?

पेनड्राइव्ह घरी आणला, सगळे जमले, अक्काआत्याही आली होती. पिक्चर संपला, 'समाप्त' झळकलं, मुंग्या आल्या. कॅसेट तीन तासांची, जाहिरातींसकटही पिक्चर तेवढा नव्हता. मी बंद करायला उठलो, तेवढ्यात मुंग्यांतून एक पंगत वर आली. केळीची पानं, वाढपी, कडेला हृदयाच्या आकाराची चौकट, आणि तिच्यात शालू सावरत घास घेणारी बावीस वर्षांची अक्काआत्या. चार मिनिटं होती. आत्याने ती तीनदा लावायला लावली आणि मग वडिलांकडे वळून विचारलं, "आणि बाकीचं कुठं आहे रे?"