चकतीमागची हवा

जेट इंजिनात कौतुक होतं ते पात्यांचं. ती ज्या चकतीवर बसवतात, तिच्या आणि शेजारच्या स्थिर भिंतीच्या मधल्या अरुंद पोकळीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती लगतची हवा ओढते, त्यात शक्ती खर्ची पडते आणि तिची उष्णता होऊन हवेतच मुरते. या प्रकाराला अभियंते 'विंडेज' म्हणतात. चकती थंड ठेवायला सोडलेली हवा वाटेतच तापते, ती अशी.

याचं गणित जेट इंजिनाहून जुनं आहे. व्हिटल यांचं जेट इंजिन पहिल्यांदा चाललं 1937 मध्ये. थिओडोर फॉन कार्मान यांनी फिरत्या चकतीवरचा लेख लिहिला 1921 मध्ये. त्यांची चकती एकटी, गुळगुळीत आणि अमर्याद. ती समोरची हवा खेचून घेते नि कडेकडे फेकते. खळबळत्या प्रवाहाचा त्यांचा अंदाज धरला, तर फेरे दुप्पट केल्यावर ओढीत जाणारी शक्ती सुमारे 7 पट होते आणि त्रिज्या दुप्पट केल्यावर जवळजवळ 24 पट.

मग चकतीसमोर भिंत आली आणि वाद पेटला. 1951 मध्ये बॅचलर म्हणाले, मधली हवा एकसंध गोळा होऊन चकतीपेक्षा कमी वेगानं फिरते. 1953 मध्ये स्ट्यूअर्टसन म्हणाले, मधली हवा फिरतच नाही. फरक नुसता पुस्तकी नव्हता, कारण पोकळीतला दाब आणि बेअरिंगवरचा भार त्यावर ठरतो. पुढे कळलं की दोघंही बरोबर. कड बंद असली की बॅचलर, उघडी असली किंवा मधून थंड हवा भरपूर सोडली की स्ट्यूअर्टसन. भांडण दोन अमर्याद चकत्यांवर चाललं होतं; त्यांना कडच नव्हती!

माझ्या लेखी या साऱ्यात सर्वांत उपयोगी पडले ते डेली आणि नीस. 1960 मध्ये त्यांनी बंद डब्यात चकती फिरवून तिला लागणारा पीळ सरळ मोजला आणि प्रवाहाचे चार प्रकार वेगळे केले. संगणकावर काढलेलं उत्तर आजही त्यांच्या आकड्यांशी ताडून बघतात.

या गणितात संगणक आले ते सत्तरच्या दशकात, लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या, खळबळत्या प्रवाहासाठीच्या के-एप्सिलॉन प्रारूपासह. ते मुळात साध्या प्रवाहांवर बेतलेलं. भिंतीलगतच्या फिरत्या थरात अडखळे. शिवाय काटकसर म्हणून चकती सर्व बाजूंनी सारखी मानत. खऱ्या चकतीवर बोल्टची डोकी असतात. प्रत्येक डोकं हवेला धक्का देत जातं, आणि विंडेजमध्ये त्यांचा वाटा मोठा असू शकतो. ते पकडायला संगणकावरच्या गणितासाठी त्रिमितीय जाळी लागली.

2000 नंतरच्या अस्थिर प्रवाहाच्या गणितांत आणखी एक गोष्ट दिसली. चकतीच्या कडेला, जिथून तप्त वायू आत घुसू पाहतो, तिथे मोठे भोवरे चकतीहून कमी वेगानं फिरत असतात. त्यांची संख्या पात्यांच्या संख्येशी जुळत नाही. त्यामुळे एका पात्यापुरती फाक कापून गणित करायची जुनी सोय इथे दगा देते, आणि पूर्ण 360 अंशांचं वर्तुळ संगणकावर घ्यावं लागतं.