भाऊंची रातपाळी

डिमेन्शियाने गेलेल्या माणसाच्या आयुष्याचा मागोवा उलटाच घ्यावा लागतो, कारण त्याने स्वतः तो तसाच घेतलेला असतो.

आमचे वडील, म्हणजे भाऊ, देवगड तालुक्यातून मुंबईला आले, लालबागच्या एका गिरणीत विणकामाच्या साचेखात्यात लागले, 1982च्या गिरणी संपानंतर एका इमारतीचे वॉचमन झाले आणि थकल्यावर घरी बसले. आम्हा भावंडांना माहीत असलेलं त्यांचं आयुष्य एवढंच. गिरणीचं काही विचारलं तर "काय सांगायचा तेच्यात" म्हणून पेपर तोंडासमोर धरायचे.

आजार सुरू झाला तेव्हा त्यांना ऐकू कमी येतंय, एवढंच घरात सगळे धरून चालले. साचेखात्यात शेकडो साचे एकदम खडखडत. माणसं ओठ वाचून, हातवारे करून बोलत, आणि कान कायमचे बसत. त्यामुळे भाऊंनी प्रश्नाला भलतंच उत्तर दिलं तरी कुणी दचकत नसे. बहिरेपणाचं या आजाराशी खरंच नातं आहे, हे पुढे वाचनात आलं. टाळता येण्याजोग्या धोक्यांची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 पासून मांडली आहे, तीत कमी ऐकू येणं ठळकपणे आहे. भाऊंच्या बाबतीत तेच कारण होतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही.

डिमेन्शियाच्या अल्झायमर या प्रकारात पहिला घाव साधारणपणे मेंदूतल्या हिपोकॅम्पसवर आणि त्याच्या लगतच्या भागावर बसतो. नवी आठवण हिपोकॅम्पसमध्ये घडते, म्हणून आज सकाळचं आधी जातं आणि जुनं मागे उरतं. भाऊंची वॉचमनगिरीची वर्षं सर्वांत आधी गेली. ती गेल्याचं आम्हाला फारसं वाईट वाटलं नाही, त्यांनाही वाटलं नसावं. मग ते 1982 मध्ये येऊन थांबले आणि तिथे बराच काळ राहिले. 18 जानेवारीला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांचे पुढारी दत्ता सामंत सगळ्यांचे 'डॉक्टर' होते. रुग्णालयात तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरचा हात धरून भाऊंनी विचारलं, "डॉक्टरांनू, गिरण कधी सुरू होतली?" पोरगा गोंधळला. प्रश्न तसा वेडगळ नव्हता. तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलेलं नाही.

दिवस मावळला की त्यांची तगमग सुरू व्हायची. या आजारात संध्याकाळी असं बऱ्याचदा होतं, पण आमच्याकडे तिला रातपाळीचं निमित्त मिळालं. आई वाद घालत नसे. "डबो भरलंय, सांभाळून जावा," म्हणायची. भाऊ डबा घेऊन चाळीच्या गॅलरीच्या टोकापर्यंत जायचे, कुणाशी दोन शब्द बोलून परत यायचे, हात-पाय धुऊन निजायचे. काम झालेलं असायचं. याउलट भेटायला येणारे नातेवाईक खाटेजवळ बसून "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा घ्यायचे. आजारी माणसाला नापास करण्यात कसला आनंद असतो, मला कळलेलं नाही.

नावं गेली तरी हात शाबूत होते. चादरीचा सुटलेला धागा दिसला की चिमटीत धरून क्षणात गाठ मारायचे, साच्यावर तुटलेला धागा जोडतात तशी, बारीक आणि पक्की.

त्याही मागे गेल्यावर मात्र आम्हाला अनोळखी भाऊ भेटले. गावकऱ्यांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे, खानावळीतल्या बाईची उधारी चुकवणारे, भजनात मुद्दाम वरचा सूर लावून बुवाला छळणारे. एका रात्री ते आईकडे लुगडं मागू लागले. तिसऱ्या अंकाची घंटा झाली म्हणे! परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं होत आणि त्यात स्त्रीपार्ट पुरुषच करत, हे आम्ही ऐकून होतो. आमच्या बापाने ते केलं असेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं. इतकी वर्षं संसार केलेल्या आईलाही ठाऊक नव्हतं. "माका कधी बोललेत नाय ते," म्हणत तिने कपाटातलं लुगडं काढून दिलं. ते त्यांनी खांद्यावर टाकलं, ऐटीत मान वेळावली आणि पदर सावरला. कोकणातला बाप्या असा पदर सावरतो, ही गंमत पाहायला शेजारणी जमल्या. कुणी हसलं तरी त्यांना चालत होतं, प्रेक्षकच ते.

बोलणं थांबल्यावरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. गिळता येईना, मग छातीत कफ साठला आणि त्यात ते गेले.

बाराव्याला त्यांच्या खात्यातला एक जुना सोबती काठी टेकत आला. त्याला आम्ही नाटकाचं विचारलं. खरंच करायचे का भाऊ काम?

"करी तर! झकास करी," तो म्हणाला. "पण भाषण एकव पाठ नसायचा. सगळा प्रॉम्प्टराच्या भरवशार."