समजलेले सांगताना

सप्टेंबर उजाडला की ब्रिटनमध्ये शिकायला आलेली आपली मुले-मुली मेळाव्यांत भेटू लागतात. त्यांचा पहिला प्रश्न खोलीच्या भाड्याचा असतो. दुसरा जरा संकोचाने येतो: वर्गात समजले नाही तर विचारायचे कोणाला? काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे इथल्याच एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत होतो, तेव्हा हाच प्रश्न आमच्याही घशाशी अडकला होता. त्याचे उत्तर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वर्गमित्रांच्या गटात सापडले. त्याच गटाने आम्हाला अडचणीतही आणले.

अध्यापक सौजन्यशील होते. प्रत्येक तासाअखेर 'काही शंका?' असे आवर्जून विचारीत. आमच्यापैकी कोणाचाही हात वर जात नसे. घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्याला न समजणे हा स्वतःचाच उणेपणा वाटतो.

संख्याशास्त्राच्या तिसऱ्या आठवड्यात 'पी-मूल्य' आले. व्याख्या पाठ झाली, अर्थ लागेना. रात्री अकराला आमच्यापैकी एकीने धीर करून गटावर लिहिले, 'पी-मूल्य ०.०३ म्हणजे औषध निरुपयोगी असण्याची शक्यता तीन टक्के, बरोबर ना?' उत्तर दिले एका स्कॉटिश परिचारिकेने. औषधाचा काहीच परिणाम होत नाही असे आधी गृहीत धर, ती म्हणाली. मग विचार, की निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरांतून किती वेळा दिसला असता? तीच चूक तिने आदल्या आठवड्यात केली होती, त्यामुळे आमचा पाय नेमका कोठे घसरला हे तिला ठाऊक होते. पुढे आम्ही तिघांनी तेच मराठीतून, ध्वनिसंदेशांवर, पुन्हा एकमेकांना समजावले. 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' ही म्हण त्या रात्री संख्याशास्त्राच्या फार उपयोगी पडली!

यात नवे काही नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात हीच रीत रुजवली: प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. त्याहून मागे गेलो तर मद्रासच्या एग्मोरमधील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल भेटतात. एका मुलाने दुसऱ्याला वाळूत अक्षरे गिरवून शिकवावे, ही तेथील पद्धत त्यांनी १७९७ मध्ये पुस्तकरूपाने इंग्लंडला सांगितली आणि पुढे ती 'मद्रास पद्धत' म्हणून इथल्या शाळांत पसरली. आम्ही इथे येऊन जे शिकलो, ते एका अर्थी आपल्याच देशातून इकडे आले होते.

आता अडचणीविषयी. एका गृहपाठाच्या आदल्या रात्री कोणीतरी आपले पूर्ण झालेले कोष्टकच गटावर टाकले. तिघांनी त्यातला आलेख उचलला, आणि तिघांच्याही आलेखात एक दशांशचिन्ह त्याच जागी चुकले. विभागाने बोलावणे धाडले. इथल्या विद्यापीठांत चौर्याइतकाच संगनमत हाही गुन्हा असतो. गुण घेणाऱ्यांचे कापले गेले, तसेच देणाऱ्याचेही. त्या तिघांत आमच्यातला एक होता. विद्यार्थी व्हिसावर सत्रकाळात आठवड्याला २० तास कामाची मुभा असते. ते तास तो रात्री गोदामात भरीत असे. पहाटे परतल्यावर दोनशे संदेश वाचण्याचे त्राण कोणात असते? तयार उत्तर समोर आले, त्याने घेतले. आम्ही त्याला दोष देत नाही, मात्र त्या दिवसापासून गटाचा नियम ठरला: आपण कोठे अडलो ते आधी लिहायचे, उत्तर देणाऱ्याने पुढची एकच पायरी दाखवायची, आणि फाइल कोणीही टाकायची नाही.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक जड जाते. याच वर्गातल्या भारतीयांनी एक वेगळा गट काढला. आपल्या भाषांत बोलता येईल म्हणून आम्ही आनंदाने गेलो. चौथ्या दिवशी एकाने आमच्या मैत्रिणीला विचारले, 'पूर्ण नाव काय? गाव कोणते?' हा प्रश्न कशासाठी असतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. तिने उत्तर दिले. पुढे तिच्या शंकांना उत्तरे येणे मंदावले. गट तिने सोडला नाही, दोन महिने नुसती वाचत राहिली. शंका विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघडे करणे, आणि ते कोणासमोर उघडे करायचे हे आधीच कळलेले बरे. शेवटी ती त्या स्कॉटिश परिचारिकेच्या गटाकडेच परतली. सत्राअखेर तेथे सर्वाधिक उत्तरे तिचीच होती.

यंदा आलेल्या मुलांनी मागच्याच आठवड्यात आपला गट काढला. त्यांनी आम्हाला नियम विचारले, आम्ही वरचे सांगितले. 'तुम्हीही या ना,' असा आग्रह झाला. आम्ही गेलो नाही. पदवी घेतलेले तिघे तेथे बसले, तर रात्री अकराचा तो प्रश्न कोणी लिहिणार नाही.